चंद्रीची जाहिरात आणि माझी शाई

चंद्री म्हैस शेवटी विकली गेली नाही. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही. आता सुरुवात करतो.

मी एक जुना पिवळा हायलायटर आहे. जुना म्हणजे चार महिन्यांचा. आमच्यात त्याला वार्धक्य म्हणतात. माझा जन्म कारखान्यात झाला. त्याच मिनिटाला माझे शेकडो भाऊ जन्मले, त्यामुळे बारसं कुणाचंच झालं नाही. राजारामपुरीतल्या एका दुकानातून मला संयोगितानं घेतलं. ती दहावीत आहे आणि त्याच गल्लीत त्रिशला मॅडमांच्या क्लासला जाते. मॅडम तिथं लेख, बातम्या, जाहिराती अशा खऱ्याखुऱ्या लिखाणाची चिरफाड शिकवतात. कुठला शब्द निवडला, तो पुन्हा पुन्हा का आला, आधी काय सांगितलं, शेवटाला काय राखून ठेवलं. जे महत्त्वाचं, त्यावर मला फिरवायचं.

पहिल्या दिवशी संयोगितानं अख्खं पान पिवळं केलं. मॅडम म्हणाल्या, "हा उतारा आहे, की कुणाची हळद?" वर्ग हसला. माझी पाव शाई गेली. ते कौतुकच होतं असं मी धरून चालतो.

"काय लिहिलंय ते कुणालाही दिसतं," मॅडम पुढं म्हणाल्या. "कसं लिहिलंय ते बघा. आणि काय लिहिलेलं नाही, ते तर बघाच."

जे लिहिलेलंच नाही त्याच्यावर मी कसा फिरणार? या प्रश्नानं मला पुष्कळ दिवस छळलं.

संयोगिताचे आजोबा, आकाराम आबा, रोज संध्याकाळी चंद्रीला दूध कट्ट्यावर नेत. माणसं यायची, समोर काढलेल्या धारेचा पेला उभ्या उभ्या रिकामा करायची, मिशी पुसून जायची. मग आबांचे गुडघे संपावर गेले. संयोगिताचे पप्पा अमरसिंह म्हणाले, "आबा, म्हैस विकूया." आबा म्हणाले, "विकूया की." विषय संपला. त्या दिवशी संयोगिता जेवली नाही. चंद्री जेवली.

दुसऱ्या दिवशी आबांनी तिला हाक मारली. "बाळ, तुझं अक्षर चांगलं हाय. जाहिरात लिही. फोटो काढून ग्रुपवर टाकू."

"लिहितो आबा," ती इकडच्या पोरींच्या बोलीत म्हणाली, पण तोंड पाडूनच. आबा सांगत गेले, ती लिहीत गेली.

"चंद्री म्हैस विकणे आहे. चंद्री गरीब स्वभावाची आहे. चंद्री अनोळखी माणसाला धार देत नाही. दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत चंद्री हाकेसरशी गर्दीतून मालकाकडं येते. अशी म्हैस आज कुणाकडं आहे? थंडीत चंद्रीला पोतं पांघरावं लागतं. उजव्या कानामागं खाजवल्याशिवाय चंद्री पान्हा सोडत नाही."

संयोगितानं कागद बघितला. मग सवयीनं माझं टोपण काढलं. चंद्री, चंद्री, चंद्री. प्रत्येक ओळीत मी थांबत गेलो. 'विकणे' हा शब्द मात्र एकदाच आला आणि पळाला.

"आबा, ही जाहिरात न्हाय."

"मग काय हाय?"

"गिऱ्हाइकाला हाकलायचा बोर्ड हाय. आधी अडचण, मधी कौतुक, शेवटाला पुन्हा अडचण. वर एक प्रश्न, त्याचं उत्तर 'फक्त आमच्याकडं'. आणि फोन नंबर कुठं हाय?"

"ऱ्हायला वाटतं."

"किंमत?"

"ती बी ऱ्हायली."

"मॅडम म्हणतात, लिहिणारा विसरत नसतो. वगळतो."

आबा दावणीकडं वळले. "तुझ्या मॅडमला सांग, लई खोलात शिरू नका म्हणावं." संयोगितानं मला कागदाच्या तळाशी, कोऱ्या जागेवर फिरवलं. तिथं एक अक्षर नव्हतं. माझा प्रश्न सुटला.

अमरसिंह दारात उभे होते. "आबा, विकायची न्हवती तर बोलायचं की!"

"तू विकूया म्हणालास. मला वाटलं, पोराला म्हैस जड झाली."

"मी तुमच्या गुडघ्यांसाठी म्हणालतो. उद्यापासनं धार मी काढतो."

"देती व्हय तुला? जाहिरात ऐकली न्हाईस?"

"मी अनोळखी हाय व्हय?"

"तिला इचार."

सकाळी अमरसिंहांनी विचारलं. चंद्रीनं मागच्या पायानं उत्तर दिलं. बादली अंगणात गेली, संयोगिता मागं सरली, तिच्या कानावरचा मी खाली आलो आणि माझं टोपण खुराखाली जाऊन शेणात कायमचं स्थायिक झालं. संयोगितानं जाहिरातीचं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं. अमरसिंहांनी निमूटपणे उजव्या कानामागं खाजवलं. चंद्रीनं पान्हा सोडला. बाजेवर बसलेले आबा म्हणाले, "जाहिरात चांगली उतरलीया."

आता मी गोठ्याच्या कोनाड्यात वाळत पडलो आहे. मित्रांनो, काम झालं की आमची टोपणं लावत जा. आणि घरातलं माणूस "विकूया की" म्हणालं, तर त्याच्या न लिहिलेल्या ओळीवरही एकदा नजर फिरवा.

सबब, संबंधित खात्यास नम्र विनंती की, राज्यातील सर्व आजोबांनी आपल्या मनातलं यापुढं पहिल्याच वाक्यात सांगावं, असा आदेश तातडीनं काढण्यात यावा, जेणेकरून पिवळ्या शाईची बचत होईल.

सोबत जोडले आहे : टोपण (गहाळ).