प्लायवूडची खिडकी

"तेजाबाचं काम खिडकी उघडी असल्याशिवाय करायचं नाय, प्रेरणा. त्याचा धूर छातीत घर करतो," रत्नमालाताईंनी बजावलं होतं. प्रेरणा तेव्हा हसली होती. "ताई, आमच्या खोलीला ही एवढी खिडकी आहे. ती कोण कशाला बंद करील?"

क्रांती चौकाजवळच्या रत्नमालाताईंच्या वर्गात ती तांब्याचे दागिने घडवायला शिकत होती. तेव्हा सत्यम, तिचा नवरा, होता. वाळूजच्या कारखान्यातून पाळी करून आला, की तिच्याजवळ बसून तारेची वेटोळी वळायचा. मागच्या वर्षी घरी येतानाच त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली.

तांब्याच्या पत्र्याची फुलं, पितळी मणी, नवरीनं हळदीला घालायचे सेट. बजाजनगरातल्या त्या घराला आता प्रेरणाच्या कामाचाच मोठा आधार होता. पण एका गिऱ्हाईक बाईनं खिडकीतून तिचं मोकळं कपाळ पाहिलं आणि हातातला बाजूबंद खाली ठेवला. "हळदीचं लेणं विधवेच्या हातचं? नको बाई."

संध्याकाळच्या आत सासूबाईंनी, आवडाबाईंनी, खिडकीवर प्लायवूड ठोकून घेतलं. तेव्हापासून धाकट्या जावेचं, सुरेखाचं, नाव दागिन्यांना लागलं. 'सवाष्णीच्या हातचे दागिने' म्हणून तिचे व्हिडिओ फिरू लागले. प्रेरणाला उंबऱ्याबाहेर जाऊ देईनात, आणि गल्लीत सांगितलं गेलं, ती माहेरी गेलीय. पुन्हा कुणी विचारलं नाही. प्रेरणानं भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "लेकरू पदरात आहे, जरा दमानं घे."

तिची लेक चिमी तीन वर्षांची. बाहेर ठेवली तर 'आई, आई' करत आतल्या दाराशी यायची, म्हणून गिऱ्हाईक आलं की तिलाही आतच कोंडायचे. प्रेरणा तिला कोपऱ्यात बसवायची, नाकावर ओला रुमाल बांधायची. मधूनमधून हात धुऊन तिच्या पाठीला कान लावायची. श्वासात शिट्टी वाजतेय का, तेवढंच ऐकायची.

त्या दिवशी सकाळी सुरेखाचा व्हिडिओ काढणं चाललं होतं.

"अगं, हातोडी उलटी धरलीस!" प्रेरणा म्हणाली.

"ताई, ही हातोडी हाय का वरवंटा? मनगट निखळलं माझं!"

दोघी खुदकन हसल्या. आवडाबाई दारात उभ्याच होत्या.

"लई दात निघायलेत? नवरीकडचे आलेत. प्रेरणा, तू आत हो. कर्णफुलं तेवढी लवकर दे. अन् लेकरू गप ठेव."

बाहेरून कडी लागली.

कर्णफुलांचे जोड डाखानं सांधून झाले होते. आचेनं तांबं काळं पडलं होतं. तेजाबात बुडवल्याशिवाय त्याला रंग येणार नव्हता. प्रेरणानं भिंतीतला धूर ओढणारा पंखा लावला, चिमीचा रुमाल नीट केला आणि फुलं भांड्यात सोडली. तेजाब फसफसलं. पिवळट तांबडा धूर वर आला.

आणि लाईट गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.

तिनं भांड्यावर ताट झाकलं, पण खोलीत धूर भरला होता. चिमी खोकली. मग खोकणं थांबेचना.

"आत्याबाई, दार उघडा! चिमीला श्वास लागलाय!"

बाहेर नवरीच्या आईनं विचारलं, "कोण हो आत?"

"मागं भाडेकरू हायत," आवडाबाई म्हणाल्या. "तुम्ही चहा घ्या."

आता आतून हातोडीचे घाव ऐकू येऊ लागले. प्रेरणा प्लायवूड फोडत होती. खिळे हलत होते, निघत नव्हते. सुरेखा ताडकन उठली.

"सुरेखा, बस खाली!"

"नाय बसत, आत्याबाई. मला तर हातोडी बी धरता येत नाय. सगळं ताईच करतात."

तिनं कडी काढली. धुराबरोबरच प्रेरणा बाहेर आली, चिमीला छातीशी धरून. नवरीची आई तिच्या कपाळाकडं बघतच राहिली.

"हा सेट तुमच्या हातचा?"

"व्हय. माझ्याच हातचा," प्रेरणा न थांबता म्हणाली. "सरका, मला दवाखान्यात जायचंय."

पाहुण्यांनी दागिन्यांचा डबा उघडाच टाकला आणि चपला घातल्या.

शेजारच्या काकूंनी स्कूटी काढली. प्रेरणा मागं बसली तशी त्या म्हणाल्या, "अगं, तू तर माहेरी गेली व्हतीस ना?"

"इथंच होते, काकू. भिंतीपलीकडं."

चिमी वाचली. गार वारं सुटलं की अजून तिच्या छातीत शिट्टी वाजते. दवाखान्यातून आल्यावर आवडाबाई म्हणाल्या, "इन्व्हर्टर बसवू. पण तू आतच बस, लोक काय म्हणतील?" प्रेरणा आतल्या खोलीत गेली. ऐरण उचलली आणि समोरच्या ओट्यावर आणून ठेवली. "इथं बसून करीन, नायतर करणारच नाय." गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. सुरेखा तिच्याजवळ बसून हातोडी सुलट धरायला शिकतेय.

तुमच्याही गल्लीतली एखादी सून बऱ्याच दिवसांत दिसली नसेल. माहेरी गेलीय, असं तुम्हालाही कुणी सांगितलं असेल आणि तुम्हीही मान हलवून घरात वळला असाल. आज तिच्या दाराशी जाऊन या. 'आलीय, पण झोपलीय' म्हणाले तर थोडं थांबा. तिचा आवाज कानांनी ऐकल्याशिवाय परतू नका.