डावी बाजू

ताईच्या नवऱ्याला गाडी चालवायची हौस नव्हती, चालवणाऱ्याला शिकवायची मात्र भारी. ताई गाडी शिकली तेव्हापासून त्याने कामाची वाटणीच करून टाकली. समोर आणि उजवीकडे तिने बघायचं, डावीकडे त्याने. तो "मोकळं" म्हणाला की ताई निघायची. लोक घरकाम वाटून घेतात, यांनी रस्ता वाटून घेतला होता. हळूहळू डावीकडे मान वळवायची असते, हेच ताई विसरून गेली.

त्या दुपारी चौकातला दिवा हिरवा झाला. नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "मोकळं, काढ." पिवळ्या दिव्यावर डावीकडून चौकात शिरलेली एक छोटी गाडी अजून बाहेर पडायची होती. ताईची गाडी थेट तिच्या दारावर आदळली. ती चालवणारा गवंडी हॉस्पिटलात गेला.

वकीलबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, तुरुंगवास होऊ शकतो. दिवा हिरवा झाला तरी आधी चौकात शिरलेल्याला बाहेर पडू द्यावं लागतं. दोष स्टिअरिंग धरणाऱ्याचा, शेजारचा काय म्हणाला याला कायद्यात कवडीची किंमत नाही.

ताईला ते पटलंही. कायद्याच्या दोषात तिला वाटेकरी नकोच होता. फक्त घरात, चार भिंतींच्या आत, नवऱ्याने एकदा म्हणावं, मी न बघता बोललो, एवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता. त्याने मात्र पोलिसांना सांगितलं होतं की आपल्याला डुलकी लागली होती, आणि घरीही तो तेच धरून बसला. कोर्टात जायच्या दिवशी सकाळी तिने सरळच विचारलं, "तुम्ही मोकळं म्हणालात ना?"

तो शर्टाला इस्त्री करत होता. "अगं, झोपेत माणूस काहीही बोलतो. ते काय धरून बसायचं?"

ताईला गवंड्याइतकीच स्वतःचीही कीव आली.

डावीकडे बघितलं होतं, पण गाडी दिसली नाही, असं सांगायचं वकीलबाईंनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. त्यामुळे शिक्षा हलकी झाली असती. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "नाही साहेब. डावीकडे मी बघतच नव्हते."

"मग कोण बघत होतं?"

वकीलबाई चुळबुळल्या. ताईने मागे वळून पाहिलं नाही.

"कोणीच नाही," ती म्हणाली.

मागच्या बाकावर नवऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला. तो तिला स्पष्ट ऐकू आला.