खंडेनवमीचं पिस्तूल

गुरुदत्त पाटणकर ड्रेस्डेनमध्ये चिपच्या कारखान्यात इंजिनीअर होता, पण त्याचा सगळा जीव गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात अडकलेला. पिस्तुलाच्या परवान्यासाठी त्याने वर्षभर न चुकता हजेरी लावली, परीक्षा दिली, पोलिसांची चौकशी झेलली, घरात तिजोरी बसवून घेतली. इतकी यातायात करून मिळालेला तो कागद त्याला डिग्रीहून मोलाचा वाटे. क्लबाच्या खुल्या दिवशी तो दरवर्षी हौसेने तक्ता लावून उभा राहायचा: परवानाधारकांमध्ये गुन्ह्यांचं प्रमाण किती कमी, बाकीच्या जनतेत किती जास्त. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच.

२०१७ची खंडेनवमी शुक्रवारी आली. त्याने रजा टाकली. पाटावर लॅपटॉप, मल्टिमीटर, बायकोची, मीनलची, शिवणाची कात्री मांडून झाली. घरात खरंखुरं शस्त्र असताना ते कोंडून ठेवायचं आणि कात्रीला फुलं वाहायची, हे काही त्याला पटेना. त्याने रिकामं पिस्तूल काढून मधोमध ठेवलं, हळदकुंकू लावलं. मग आठवलं, पान्यांची पेटी खाली तळघरात, केलरमध्येच राहिली.

"अरे, हे आधी आत ठेव की," मीनल म्हणाली.

"दोन मिनिटांत येतो. गोळी नाहीये त्यात."

पेटी घेऊन तो वर आला, तर परवाना खात्याचे दोन अधिकारी बैठकीत उभे. तपासणी न कळवता होते, हे क्लबातल्या नव्या लोकांना तोच बजावून सांगायचा. दारात आलेल्यांना मीनलने रीतीप्रमाणे आत घेऊन चहाचंही विचारलं होतं.

"हे काय?" दोघांपैकी वयस्क बाईंनी पाटाकडे बोट दाखवलं.

"पूजा. वर्षातून एकदा हत्यारांची करतात आमच्यात. रिकामं आहे ते."

"आत्ता तुम्ही कुठे होता?"

"केलरमध्ये."

"तुमच्या पत्नीकडे परवाना आहे?"

नव्हता. बाईंनी लिहून घेतलं. हातातली जड पेटी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

त्याने चार पानी खुलासा लिहिला, कचेरीत जाऊन खंडेनवमी समजावली. त्याच बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मिस्टर पाटणकर, तुम्ही गुन्हेगार आहात असं कोणीच म्हणत नाही. पण तुमच्यावर आता भरवसा ठेवता येत नाही."

गुन्हेगार म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. जानेवारीत परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं आणि पिस्तूल क्लबातल्या दुसऱ्या एकाच्या नावावर गेलं. त्या दिवशी तो लहान मुलासारखा रडला. मीनल 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

मे महिन्यात खुला दिवस आला. तक्ता समजावणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून अध्यक्षांनी त्यालाच बोलावलं. तोही गेला. एक निवृत्त शिक्षिका शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत राहिल्या.

"ज्यांचा परवाना जातो, त्यांना कुठे मोजता?" त्यांनी विचारलं.

"तर... ते मग बाकीच्या जनतेत."

"म्हणजे चुकलेले सगळे आमच्याकडे पाठवून देता." बाई हसल्या. "तुमचा तरी शाबूत आहे ना?"

"होता," गुरुदत्त म्हणाला. "आता मी तुमच्यातलाच."

बाईंना ती गंमत वाटली. त्या हसतच पुढे गेल्या. मागचा माणूस तक्त्यासमोर येऊन थांबला, आणि गुरुदत्तने या वेळी बाकीच्या जनतेच्या रकान्यापासून सांगायला सुरुवात केली.