लोंबार्दमधला पंधरावा उन्हाळा

तळघरात एकतीस खुंट्या होत्या. त्यांवर एकोणतीस कोट. डांबरगोळी एकही नव्हती.

मित्रांनो, सतराव्या खुंटीवरचा मी, मेंढीच्या कातड्याचा एक जुना कोट. कातडे बाहेरून, लोकर आतून. मला शिवायला सात मेंढ्या लागल्या.

माझी मालकीण रईसा पेत्रोव्ना उत्तरेकडच्या कोत्लास गावच्या रेल्वे फाटकावर काम करते. गाडी आली की बाहेर उभे राहून झेंडी दाखवायची. राहायची खोली नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी गेली की खोलीही जाणार.

दर मे महिन्यात ती मला लोंबार्दमध्ये, म्हणजे वस्तूवर कर्ज देणाऱ्या दुकानात, तारण ठेवायची. पैशांसाठी नव्हे. घरच्या कपाटात लोकरीला कसर लागते. लोंबार्दचे तळघर थंड, कोरडे, आणि जबाबदारी त्यांची. गावातल्या निम्म्या बायका असेच करत.

पंधराव्या वर्षी तिने किंमत ठरवणाऱ्या इल्या साव्विचना विचारले, "काय हो, लोंबार्द हे कुठलं नाव?"

"लांब दाढीवाले लोक होते. उत्तर इटलीत जाऊन राहिले, तो मुलूख त्यांच्या नावाचा झाला. तिथले व्यापारी पुढे गावोगाव वस्तू ठेवून घेऊन कर्ज द्यायला लागले. म्हणून दुकानालाही तेच नाव."

"मग तुमची दाढी कुठाय?"

"तारण ठेवलीय. सोडवायला पैसे नाहीत."

दोघेही हसले. त्या वर्षी कुणाकडेच पैसे नव्हते. इल्या साव्विचनी वरच्या कचेरीला तीन पत्रे लिहिली, तरी डांबरगोळ्या आल्या नाहीत.

जूनमध्ये कसरीचे पतंग आले. पतंग स्वतः काही खात नाही. खाते ती त्याची अळी. तिला अंधार आणि शांतता लागते. चार महिने मला कुणी झटकले नाही.

ऑक्टोबरात रईसाने मला उघडले. पाठीची लोकर मूठमूठ खाली पडली.

"हे काय हो, इल्या साव्विच?"

"कसर. भरपाईचा अर्ज लिहा."

"आणि थंडीत काय, अर्ज अंगावर घालू?"

"लिहा तरी. मीपण लिहिलाय. बायकोचा कोट आठव्या खुंटीवर होता."

मित्रांनो, कुणाची वस्तू सांभाळायला घेतलीत, तर महिन्यातून एकदा उलगडून पाहा. नंतर इलाज नाही. लोकर परत यायला कातड्याखाली जिवंत मेंढी लागते.

नवा कोट आठ महिन्यांच्या पगाराचा होता. रईसाने माझ्या पाठीला आतून जुन्या रजईचा तुकडा शिवला.

जानेवारीतल्या एका दुपारी बाहेर उणे एकतीस होते. मालगाडी यायच्या आधी तिने फाटकावरचा तापमापक माझ्या आणि स्वेटरच्या मध्ये, पाठीशी सरकवला.

"गेल्या साली कोटाच्या आत एकोणीस अंश होते," ती पुटपुटली.

बावन्न डबे गेले. तिने झेंडी गुंडाळली आणि तापमापक काढून पाहिला. चार अंश.