काळ्या धुराचं कौतुक

उदगीरच्या डाळमिलमध्ये वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला, की शिवमूर्ती आधी धुराकडे बघायचा. काळाकुट्ट निघाला की खूश!

"बघ अक्का, इंजन कसं दमदार वढायलंय!"

त्याची थोरली बहीण सौदामिनी नांदेडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. त्यांच्या वडिलांना, अप्पांना, जाऊन चारच महिने झाले होते. बावीस वर्षं अप्पाही हेच म्हणत जनरेटरच्या खोलीत उभे राहिले. "विडी किती ओढायचे?" असं डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो बघून विचारलं होतं. अप्पांनी कधी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

आता त्या खोलीत जनरेटर चालवणारा कामगार निवृत्ती उभा होता. खोकत होता.

"बायोडिझेलचं काय झालं?" तिने विचारलं. "डिझेलमध्ये पाचवा हिस्सा मिसळायचं ठरलं होतं ना?"

"तळणाच्या उरलेल्या तेलापासनं करतेत ते? त्याच्या वासानं गिऱ्हाईक डाळ सोडून भजे मागंल, अक्का!" शिवमूर्ती हसला. "अन् धूर फिका पडला तर लोक म्हणतील, इंजन मेलं."

इंजन दुरुस्त करणारे मडिवाळप्पा मिस्त्री पान्हा खाली ठेवून म्हणाले, "काळा धूर म्हंजे दम न्हाई रे, शिवा. इंजनाला जळालं न्हाई ते बाहेर टाकतंय. उष्टं हाय ते! तुझ्या अप्पाला बी सांगितलं व्हतं. हसले."

उष्टं! सौदामिनी शिवमूर्तीकडे वळली. आवाज चढला नाही.

"पोरांच्या पेल्यातलं पाणीसुद्धा न पिणारा माणूस बावीस वर्षं इंजनाचं उष्टं छातीत भरत राहिला. आणि आपण दारात उभे राहून कौतुक केलं! जा, निवृत्तीच्या जागी उभा राहा. दहा मिनिटं."

शिवमूर्ती तावातावाने आत गेला. चौथ्या मिनिटाला बाहेर आला. डोळे लाल झालेले, नाक पुसलेला रुमाल काळा. तो पायरीवर बसला.

"निवृत्ती, बाहेर ये," तो म्हणाला. "मिस्त्री, बंद करा. आज मिल बंद ऱ्हाऊ द्या."

पंधरवड्यात इंजन दुरुस्त झालं. धुराचा पाइप छपरावर गेला. तपासणीचा दाखला असलेलं बायोडिझेल आलं. धूर संपला नाही, पण विरळ झाला.

आपल्या ट्रॅक्टरचा, टेम्पोचा, जनरेटरचा काळा धूर अभिमानाने दाखवणाऱ्यांनो, स्वच्छ इंधन मागा, इंजन तपासा. आणि त्याआधी, त्या धुरात उभ्या असलेल्या माणसाला बाहेर बोलवा. अप्पांना कुणी बोलावलं नाही. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या त्यांच्या लेकीनेही नाही.