टायटलमधले लहानूजी

गिरिधरने सिनेमा काढला तो काही कलेच्या प्रेमापोटी नाही. दिघोरीला टाइल्सचं दुकान चालवणाऱ्या माणसाचं थरारपटावाचून काय अडलं होतं? पण वडिलांचा, लहानूजींचा, घरातला फोटो मोठ्या पडद्यावर यावा आणि तो आईने स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, ही एकच हौस त्याने तीन वर्षं उराशी धरली होती. लहानूजी गेले तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. त्याला आठवत होता तो फोटोच. रोज अंघोळ झाली की त्याला हात जोडायचे आणि मग दुकान उघडायचं.

असे स्मरणार्थाचे फोटो सिनेमाच्या अगदी सुरुवातीला येतात, आणि तेव्हा लोक अंधारात खुर्च्या चाचपडत असतात. ते काही गिरिधरला मंजूर नव्हतं. टायटल बनवणाऱ्या रितिकाला त्याने बजावलं, फोटो सिनेमाच्या नावानंतर टाक, सगळे नीट बसले की. तिने परोपरीने समजावलं. टायटल म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. पुढचं सगळं कुठल्या नजरेने बघायचं हे लोक त्या दोन मिनिटांत ठरवतात, तिथे दिसेल त्याच्यावर संशय घेतात. माझ्या बापावर कोण संशय घेते, असं म्हणून गिरिधर मोकळा झाला. रितिकाने हात टेकले.

रविवारी दुपारी नागपुरातल्या एका छोट्या हॉलमध्ये घरच्यांसाठी पहिला खेळ लागला. कुहीहून, म्हणजे मूळ गावाहून, नातेवाईक आले होते, दुकानाच्या शेजारचेही होते. पडदा काळा झाला. विहिरीचा रहाट करकरू लागला. ओल्या फरशीवर एकेक नाव उमटायचं आणि कुणीतरी तळव्याने पुसावं तसं पुसलं जायचं. मग सिनेमाचं नाव आलं आणि त्यामागोमाग, रहाट तसाच करकरत असताना, लहानूजी आले. शेतीच्या कुठल्याशा कागदासाठी काढलेला तो फोटो, खाली नाव नसलेला, न हसणारा, थेट बघणारा. पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी आईच्या कुशीत शिरली.

मध्यंतरात शेजारच्या दुकानातल्या सौरवने विचारलं, तो फोटोतला माणूस केव्हा येऊन राहिला गा? गिरिधरला प्रश्नच कळला नाही. शेवटी गावचा डॉक्टर खुनी निघाला, तरी लोकांचं समाधान होईना. मग त्या फोटोतल्या माणसाने नेमकं केलं काय होतं, हेच दुकानाकडचा जो तो विचारू लागला. ते स्मरणार्थ होतं हे कळल्यावर हशा पिकला. कुहीची दोन-चार वयस्कर माणसं तेवढी हसली नाहीत. ती चपला शोधू लागली.

गिरिधर पुरता चक्रावला. घरात रोज दिसणारा फोटो, त्याची कधी कुणाला भीती वाटली नव्हती. दोष संगीताचा, काळ्या पडद्याचा, की ऐकलं नाही म्हणून रितिकाने उट्टं काढलं? त्याने तिला फोन लावला. फोटोला मी हातसुद्धा लावला नाही, ती म्हणाली, फक्त आवाज थांबवला नाही. शेवटची प्रत उद्या थिएटरला जाणार होती. फोटो ठेवायचा की काढायचा ते आज सांगा, एवढं म्हणून तिने फोन ठेवला. गिरिधरला लाज वाटत होती ती आईची. कौसल्याबाई सिनेमाभर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

घरी त्या डाळ निवडत बसल्या होत्या. तो समोर जाऊन बसला.

"माय, चुकलं माझं. बाबाइले तसं दाखवायचं नव्हतं. काढून टाकतो तो फोटो."

"काहून काढतो?" त्यांचा हात थांबला नाही. "तसेच होते ते."

गिरिधरला हे कुठल्या अर्थाने घ्यावं समजेना. त्या खाली बघूनच सांगत गेल्या. अंगणात लहानूजींच्या पावलांचा आवाज आला की त्या लहानग्या गिरिधरला उचलून शेजारच्या घरी देऊन येत, आणि मग एकट्या परत जात. हे कुहीच्या शेजाऱ्यांना ठाऊक होतं, पण कुणी कधी विचारलं नाही. मग मला आजवर का सांगितलं नाही, असं त्याने विचारलं.

"तू रोज हात जोडून राहिला होता. कसं सांगू?"

त्याला राग आला, पण नेमका कुणाचा ते ठरवता येईना. वडिलांचा, आईचा, की इतकी वर्षं हात जोडणाऱ्या स्वतःचा. तेवढ्यात रितिकाचा फोन आला. तो कानाला लावून त्याने आईकडे बघितलं.

"राहू दे म्हण तिले," कौसल्याबाई म्हणाल्या. "एवढ्या लोकाइले त्याइचं भेव वाटलेलं मी आज पयल्यांदा पाहिलं. मले वाटे, भेणारी मी एकटीच होती."