हातगुण

आईने तो शब्द रात्रीच्या जेवणाला उच्चारला आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"धाकटीच्या हाताला गुण आहे बघ," आई म्हणाली. "तिनं थेंब दिले की दोन तासांत गुडघे मोकळे. तू देतेस तेव्हा नुसतं तोंड कडू होतं."

आता गंमत बघा. बाटली एकच, थेंब तेच तीन. आणि डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांसाठी लिहून दिलेलं ते गांजाचं तेल केलं कोणी? थोरलीने! डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधं बनवून देणाऱ्या दुकानात ती बावीस वर्षं उभी होती. कच्च्या गांजाला फारसा गुण नसतो, म्हणून वाळलेली फुलं आधी मंद आचेवर तापवायची, मग तेलात उतरवायची, गाळायची. तापमापकावरून नजर म्हणून हलवायची नाही. "या वयात मला गांजेकस करतेस की काय?" असं आईने विचारलं, तेव्हा तिची समजूतही थोरलीनेच घातली होती. आणि पंधरा दिवसांची पाहुणी आली, तर गुण तिच्या हाताला!

सकाळचे थेंब थोरलीचे, दुपारचे धाकटीचे, अशी वाटणी होती. थोरली सातला, कामावर निघायच्या घाईत, आईला उठवून थेंब पाजायची आणि वर घोटभर पाणी द्यायची. दुपारी घरात काय चालतं ते तिला कसं कळणार?

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण परवा धाकटीने हळूच विचारलं होतं, "ताई, आईला माझ्याकडे घेऊन जाऊ का? रविवारी निघतेय मी." आणि आई नाही म्हणाली नव्हती. "बघू," म्हणाली होती. सात वर्षं उठता-बसता हात दिला, आंघोळ घातली, आणि आई म्हणे बघू! त्या 'बघू'ने थोरलीला घास गोड लागेना.

शनिवारी तिला सुट्टी होती. जेवणं उरकल्यावर तिने बाटली आधीच हातात घेतली.

"आजचे थेंब मी देणार."

"दे की," धाकटी म्हणाली आणि ताटल्या घेऊन आत गेली.

थोरलीने मोजले तीन. मग दाराकडे पाहिलं. आत धाकटी गुणगुणत भांडी घासत होती. थोरलीने आणखी तीन टाकले. उद्याच्या आत आईने म्हणायलाच हवं होतं, की थोरलीच्या हाताला गुण आहे.

दोन तासांनी आई उठायला गेली आणि मटकन खाली बसली. "भिंत हलतेय गं! धरा मला!" छाती धडधडत होती, जीभ कोरडी पडली होती, मध्येच हसायला येत होतं आणि हसता हसता रडू. धाकटीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"किती थेंब दिले?" पलीकडून आवाज आला.

"तीनच," धाकटी म्हणाली. "ताईनं दिलेत. तिच्या हातून चूक व्हायचीच नाही."

"सहा," थोरली म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

"आणि जेवण?"

"उकडलेले बटाटे, लोणी, वर साय," धाकटीने सांगितलं.

"मग सहाच्या सहा थेंब पुरते चढले असणार. रिकाम्या पोटी हे तेल अंगी लागत नाही, स्निग्ध जेवणावर सगळं लागतं. झोपवा, जवळ बसा, श्वासाकडे लक्ष ठेवा. काही वेगळं वाटलं तर लगेच घेऊन या. बाटलीवर लिहिलेलं असतं हो, कोणी वाचत कसं नाही?"

"मी वाचते," धाकटी पुटपुटली आणि बाटली थोरलीपुढे धरली. "म्हणून तर रोज लोणी घालत होते. तुझंच अक्षर आहे ना, ताई?"

अक्षर तिचंच होतं. 'तीन थेंब. स्निग्ध जेवणानंतर.' अशा शेकडो चिठ्ठ्या तिने चिकटवल्या होत्या, गिऱ्हाइकांना बजावून बजावून सांगितलं होतं. स्वतःच्या आईला मात्र चार महिने उपाशीपोटी पाजत होती. आपणच लिहिलेलं कोण वाचतं?

दिवेलागणीला आई ताळ्यावर आली. थोरलीने सगळं सांगून टाकलं, मोजून टाकलेल्या सहा थेंबांसकट.

"चुकलं असतं तर मी हसले असते गं," आई म्हणाली. "पण थेंब टाकताना तुझं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तिच्याकडे होतं." मग म्हणाली, "जाते मी तिच्याकडे थोडे दिवस."

रविवारी बॅगा दाराशी आल्या. जेवण झालं तशी आईने बाटली थोरलीकडे सरकवली आणि तोंड उघडलं. थोरलीने मोजले. एक. दोन. तीन. यावेळी तिने दाराकडे पाहिलं नाही, आईच्या तोंडाकडे पाहिलं.

गाडी गेली. थोरलीने टेबल पुसलं, लोणी झाकलं आणि आईच्या खुर्चीसमोर येऊन बसली. घड्याळात दोन तास होत आले तेव्हा फोन वाजला.

"ताई, चहाला थांबलोय," धाकटी म्हणाली. "आई एकटी उतरली गाडीतून, काठीही घेतली नाही! म्हणतेय, थोरलीला सांग, तुझ्या हाताला गुण आहे."

"बरं," थोरली म्हणाली. हेच ऐकायला ती जिवाचा आटापिटा करत होती. "आईचा हात धर हं. पायरी असेल तिथे."